सोळा मुखवटे आणि एक तिरळा

आराम या शब्दाचा बायजाबाईला इतका वीट आला होता की टीव्हीवर गादीची जाहिरात लागली तरी ती चॅनल बदलायची.

हमरापूरच्या हैबतरावच्या गणपती कारखान्यात तिने अडतीस वर्षं डोळे आखले. मूर्ती घडवणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, आणि ते बायजाबाईच्याच हाताने. कारखान्याची एक जुनी रीत होती. डोळे आखून झाले की समोर जो कोणी असेल त्याने हातातलं काम खाली ठेवायचं, पायातलं काढायचं आणि हात जोडायचे. मग तो मालक असो की माती मळणारा. बायजाबाई त्या जोडलेल्या हातांवर जगत होती म्हटलं तरी चालेल. मजुरी काय, सगळ्यांनाच मिळते.

गेल्या गणपतीत मात्र घात झाला. गडब गावातल्या एका घरी गेलेल्या मूर्तीचं डावं बुबुळ तांदळाच्या दाण्याएवढं आत सरकलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोन आला, "अहो, आमचा बाप्पा सोंडेकडं बघत बसलाय." हैबतरावने मूर्ती बदलून दिली, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. दुसरा उद्योग नसल्यासारखे लोक आठ दिवस तिरळ्या गणपतीवर बोलत होते. मग पेणच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दसऱ्यानंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिवाळीनंतर दुसऱ्याचं, आणि बायजाबाईला जग परत मिळालं. इतकं लख्ख, की समोरच्या बिल्डिंगीत कोणी भाजीत मीठ दोनदा टाकलं तर तेही ती इकडून सांगेल.

पण तोवर हैबतरावने आखणी दोन पोरांना देऊन टाकली होती. "काकू, आता तुम्ही आराम करा," तो म्हणाला. लेक प्रविण रोह्याला कंपनीत होता. तो येऊन तिला आपल्या नव्या फ्लॅटवर घेऊन गेला. "आये, आता आराम कर." आणि सून मृणाली तर औषधाची बाटली घेऊनच दारात उभी. "आई, मान वर करा. थेंब घालायचेत. आणि मग आराम."

हे दिवसातून चार वेळा, मोबाईलवर गजर लावून. मृणाली चांगली होती, हीच तर पंचाईत होती. वाईट सुनेशी निदान भांडता तरी येतं.

बायजाबाईला हैबतरावकडे जाऊन "मला दिसतंय रे" असं सांगता आलं असतं. पण अडतीस वर्षं ज्याने आपल्या आखणीपुढे हात जोडले त्याच्यापुढे आपण हात पसरायचे? छे. मरण आलं तरी बेहत्तर. ते त्याला दिसायला हवं होतं, तिने सांगून नव्हे.

डिसेंबरात मृणालीने जाहीर केलं की नाताळच्या सुट्टीला घरी पार्टी करायची. ती प्रविणच्याच कंपनीच्या लॅबमध्ये होती. सगळ्यांच्या घरी जेवून झालं होतं, आता हिची पाळी. शिवाय लॅबच्या मुख्य रोहिणी मॅडम पहिल्यांदाच येणार होत्या. त्या मॅडमचा धाक असा, की त्यांचं नाव घेताना मृणाली बसल्या जागी सरळ व्हायची.

"साधी पार्टी नाही आई, मास्क पार्टी. सगळ्यांनी मुखवटे घालायचे. कोण कोण आहे ते ओळखायचं."

"म्हंजे शिमग्याची सोंगं," बायजाबाई म्हणाली. "ती तुमी नाताळात आणताव, येवढाच फरक."

पार्टीला आठ दिवस उरले असताना मृणालीच्या फोनवर संदेश आला, की मागवलेले सोळा मास्क रद्द झाले आहेत, तसदीबद्दल क्षमस्व. पोरीचं तोंड एवढंसं झालं. सगळ्यांना तर सांगून बसली होती.

बायजाबाई वालाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "सोळाच ना? मी करते."

"तुम्ही?"

"मंग काय शेजारीण करंल?"

मृणालीने अट घातली. बारीक काम करायचं नाही, डोळ्यांना ताण द्यायचा नाही. "नाय गो," बायजाबाई म्हणाली, "नुसता कागदाचा लगदा थापायचाय." हे बोलताना तिने शेंगांकडेच बघितलं. खोटं बोलताना माणसाकडे बघू नये, असं तिचं साधं तत्त्व होतं.

साच्यांसाठी तिने हैबतरावला फोन लावला. प्रविण म्हणाला, गौरीच्या मुखवट्याचा साचा सोपा पडेल. त्यावर ती उसळलीच. "देवीचं तोंड लावून कोंबडी खाणार व्हय रे?" तेव्हा गणपतीपुढच्या देखाव्यांचे जुने साचे ठरले. पाटील, शेटजी, कोळीण आणि हवालदार. हैबतरावने ते पेणहून एसटीत चढवून दिले.

"पंचवीसला मी रोह्यालाच येतोय काकू, मेव्हण्याकडं. तेव्हा साचे परत नेतो," तो म्हणाला. "आराम चाललाय ना?"

"चाललाय. पंचवीसला ये, पन सकाळी नको. पाचनंतर ये."

फोन ठेवल्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा बायजाबाई आपलीआपण हसली.

मग मागच्या खोलीत कारखाना सुरू झाला. वर्तमानपत्रं भिजली, डिंक शिजला, खडूची भुकटी फरशीवर सांडली. नाकाला तिने भोकं ठेवली, श्वास घ्यायला. तोंडं मोठी उघडी ठेवली, घास जायला. हवालदाराच्या मिशा जेवताना आड येतील म्हणून त्या मुद्दाम वर वळवल्या. इतका पाहुण्यांचा विचार केला. रोज संध्याकाळी मृणाली डोकावून जायची. रंगलेले गाल, रंगलेल्या पगड्या, आणि डोळ्यांच्या जागी पांढरे कोरे खळगे. तिला वाटायचं, भोकं शेवटी पाडणार असतील. बायजाबाईला वाटायचं, पोर शहाणी आहे, डोळे शेवटी असतात हे तिला न सांगता कळतंय.

चोवीस तारखेला दोघं पहिल्या शिफ्टला गेल्यावर बायजाबाईने आपल्या पिशवीच्या तळातून खणाचा तुकडा काढला. त्यात तिचा सगळ्यात बारीक ब्रश होता. केस मोजून दहा-बारा उरले असतील.

पहिला पाटील पुढ्यात घेतला, आणि ती घाबरली. खरंच घाबरली. तेव्हा दोष मोतीबिंदूवर ढकलता आला. आता डोळे धुतल्यासारखे साफ झाले होते. आता जर बुबुळ सरकलं तर ते हाताने सरकवलं असं होणार, आणि हाताचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरकडे करायचं? हैबतरावचं म्हणणं मग खरंच ठरलं असतं. नुसता आराम, मरेपर्यंत.

तिने श्वास रोखला. दोन्ही बुबुळं एकाच श्वासात घ्यायची, हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. डावं घेतलं. उजवं घेतलं. वर पांढरे दोन ठिपके दिले, आणि श्वास सोडला.

पाटील भिंतीला टेकवून ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. पाटील तिच्याकडे बघत होता. ती बाल्कनीत गेली. पाटील बघत होता. कपाटाआड लपून एकदम डोकं काढलं, तरी तो तिच्याकडेच बघत होता, जरा आश्चर्याने. बायजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सवयीने तिने मागे वळून बघितलं, हात जोडायला कोण आहे. मागे फ्रीज होता.

"बग बाबा, कोनीच नाय," ती पाटलाला म्हणाली आणि दुसरा मुखवटा घेतला.

दुपारी दोनपर्यंत सोळा झाले. मग तिने आणखी एक सतरावा शेटजी पुढ्यात ओढला. त्याच्यावर तिने सगळ्यात जास्त वेळ घालवला. तो पूर्ण झाल्यावर कपाटाच्या मागे लपवला आणि बाकीच्यांवर चादर टाकली.

नाताळच्या दिवशी फ्लॅट घासूनपुसून तयार झाला. प्रविणने बिल्डिंगीच्या मागच्या मोकळ्या जागेत मडकं लावून पोपटी केली होती. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आणि भांबुर्ड्याचा पाला. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. चारला पाहुणे यायचे होते. साडेतीनला मृणालीने चादर उचलली.

"अय्या!" ती म्हणाली. सोळा चेहरे तिच्याकडे बघत होते. तिने एक कोळीण उचलून तोंडाला लावली, इलॅस्टिक कानामागे अडकवलं, दोन पावलं चालली आणि दाराच्या चौकटीवर आपटली.

"आई, दिसत नाहीये काही!"

"तुला कशाला दिसाया पायजे? ती बगतेय ना."

मृणालीने मुखवटा काढला. उलटून बघितला. मग दुसरा, मग तिसरा. "भोकं कुठायत?"

"नाकाला हायत की."

"डोळ्यांना, आई! लोक चालणार कसे? खाणार कसे?"

बायजाबाईने एक मुखवटा उलटा करून बघितला. हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. अडतीस वर्षांत तिने हजारो चेहऱ्यांना डोळे दिले होते, पण एकाही चेहऱ्याच्या आत जाऊन बघितलं नव्हतं. मुखवटा म्हणजे लोकांकडे बघणारी वस्तू. त्याच्या आतून कोणी बाहेर बघतं, हे तिला कोण सांगणार?

"आणि तुम्ही डोळे आखलेत! बारीक काम करणार नाही म्हणाला होतात."

"बारीक कुटं? चांगले मोठ्ठे काढलेत."

प्रविण हसला. मृणालीने त्याच्याकडे असं बघितलं की तो पोपटीचं मडकं बघायला खाली निघून गेला. नवरे अशा वेळी मडकी बघतात.

मृणालीने ड्रॉवरमधून कटर काढलं. "अर्धा तास आहे. मी पटापट पाडते."

"आखलेला डोळा फोडत नाय, मृणाली."

"मग मी काय करू? मॅडम येतायत. सगळ्यांना कधीपासून सांगतेय मी..." तिचा आवाज फुटला. पहिल्या पार्टीची हौस, आठ दिवसांची धावपळ, आणि आता हे. ती कटर हातात धरून मुसमुसायला लागली.

बायजाबाईने घड्याळाकडे बघितलं. पाच वाजता हैबतराव येणार. हे डोळे त्याला दाखवायचे होते. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. डोळे कापले की कारखाना संपला, हमरापूर संपलं. पण ही समोर रडणारी पोर दोन महिने रोज चार वेळा आपली मान हातात धरून थेंब घालतेय. एकदाही चुकली नाही. स्वतः तापाने फणफणली होती तेव्हाही उठली होती.

"काप," बायजाबाई म्हणाली. आणि तिने स्वतःच सगळ्यात चांगला उतरलेला पहिला पाटील उचलून सुनेपुढे धरला.

मृणालीने नाक पुसलं, पाटील मांडीवर घेतला, कटरचं टोक उजव्या डोळ्यावर टेकवलं. आणि थांबली. मुखवटा जरा तिरका केला. पुन्हा टेकवलं. पुन्हा थांबली.

"आई, हा बघतोय माझ्याकडे."

"बगनारच. त्याला डोळे हायत."

"असा कसा कापू?" तिने कटर खाली ठेवलं. "नाही जमणार मला."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

पुढे काय करायचं ते मृणालीला बेल आणि दार यांच्यामधल्या सात पावलांत सुचलं. दार उघडून ती पाहुण्यांना हसत म्हणाली, "या, या. आज आपल्याकडे आंधळी कोशिंबीर आहे. सगळ्यांची एकदम. मुखवटा घालायचा, आवाज बदलायचा, आणि कोण कोण आहे ते न बघता ओळखायचं. चुकला त्याने भांडी घासायची."

"आणि पडलो तर?" साईराजने विचारलं. तो कंपनीचा सुरक्षा अधिकारी. लोकांनी पडू नये याचाच त्याला पगार मिळत होता.

"आई आहेत ना. त्या सांभाळतील."

बायजाबाईने पदर खोचला. टीपॉय मागच्या खोलीत ढकलला, गॅस बंद केला, पोपटीची परात जमिनीवर मधोमध ठेवली. मग एकेकाला दाराशीच मुखवटा चढवून हाताला धरून आत आणलं. पाचच्या सुमाराला हॉलमध्ये चार पाटील, चार शेटजी, चार कोळणी आणि चार हवालदार चाचपडत होते. ज्या बाईला दिसत नाही म्हणून घरी बसवलं होतं, तिच्याशिवाय त्या घरात आता कोणालाच काही दिसत नव्हतं. बायजाबाईच्या हे लक्षात आलं तेव्हा तिला इतकं हसू आलं की तिने पदर तोंडात कोंबला.

मजा म्हणजे काय, ते तिने त्या तासाभरात बघितलं. एका शेटजीने फ्रीजला दोनदा "सॉरी" म्हटलं. एक पाटील शेंगेसकट अंडं सोलत होता. प्रविणने मोठ्या प्रेमाने एका कोळणीच्या खांद्यावर हात टाकला, आणि आतून साईराजचा भसाडा आवाज आला, "इश्श, सोडा की!"

त्याच साईराजने जरा वेळाने शेजारच्या हवालदाराला कोपर मारलं. "रोहिणी मॅडम आल्यात का रे? फार खडूस बाई आहे. रिपोर्टमध्ये एक आकडा चुकला तर जीव घेते."

हवालदाराने नाकात बोलून दुजोरा दिला. "हो ना. आणि तिचा नवरा म्हणतो, घरीसुद्धा तशीच आहे."

"तू कसं काय ओळखतोस तिच्या नवऱ्याला?"

"रोज डबा देते मी त्याला."

कोळीण पायाला पाय लावून पळाली आणि पडद्यात गुंडाळली गेली. हवालदार मॅडम परातीशेजारी बसून इतक्या हसत होत्या की मृणालीने मुखवट्याच्या आत पहिल्यांदा खांदे सैल सोडले. बायजाबाईला ते खांदे दिसले.

आणि बेल वाजली.

बेल वाजल्यावर माणूस जे करतो तेच सोळा जणांनी केलं. हसणं थांबवून सगळ्यांनी माना दाराकडे वळवल्या. बायजाबाईने पदर सारखा केला. तिने दार उघडलं.

हैबतराव साच्यांसाठी रिकामी गोणी घेऊन उभा होता. "काय काकू, आराम..." एवढंच बोलला. त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. बत्तीस डोळे त्याच्याकडे बघत होते.

तो डावीकडे सरकला. बघत होते. उजवीकडे सरकून वाकला, चौकटीच्या कडेने बघितलं. तरी बघत होते. पन्नाशीचा माणूस, कारखान्यातच लहानाचा मोठा झालेला, बापामागे वीस वर्षं तो चालवलेला. हे डोळे कुणाच्या हातचे ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याने गोणी खाली ठेवली. पायातल्या चपला काढल्या. आणि त्या लॅबवाल्या पाटलांपुढे, अंडी खाणाऱ्या हवालदारांपुढे हैबतरावने दोन्ही हात जोडले.

घरात सोळा माणसं होती, पण ते एकालाही दिसलं नाही. दिसलं ते फक्त बायजाबाईला.

"कोण आहे?" आतून मृणालीने विचारलं.

"पावना हाय," बायजाबाई म्हणाली. ती मागच्या खोलीत गेली आणि कपाटामागचा सतरावा मुखवटा घेऊन आली. "ह्यो तुजा."

हैबतरावने शेटजी हातात घेतला आणि दचकला. "काकू, ह्याचं डावं बुबुळ..."

"आत हाय. तांदळाच्या दान्यायेवढं. मोजून काढलंय." ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. "चुकून सगळ्यांनाच येतो रे तिरळा. ठरवून काढायला हात लागतो."

हैबतरावने शेटजीच्या डाव्या बुबुळावरून अंगठा फिरवला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "चुकलं माझं, काकू. ती पोरं रेघ बरी मारतात. पण त्यांचे गणपती भिंतीकडं बघतात. सोमवारी याल?"

"घरात इचारते," बायजाबाई म्हणाली, आणि आत वळून हाक मारली. "मृणाली, सोमवारपासून हमरापूरला जाऊ का गो? आखनीला?"

एक कोळीण हाकेच्या दिशेला वळली. मग सुनेचा आवाज आला. "थेंब कोण घालणार?"

"मीच घालीन."

"गजर लावून देईन. चार वेळा फोन करीन. आणि शनिवारी इकडे यायचं." आवाज जरा ओला होता, पण मुखवट्याचं हेच बरं असतं, कोळीण मात्र छान हसत होती.

बायजाबाईने तिरळा शेटजी हैबतरावच्या तोंडावर चढवला, इलॅस्टिक कानामागे अडकवलं आणि त्याचा हात धरला. मालक एका क्षणात आंधळा झाला आणि लहान मुलासारखा तिच्या मनगटाला घट्ट बिलगला.

"सांबाळून ये. फुडं उंबरा हाय," ती म्हणाली. "पाय चांगला वर घे. आजून वर."

हैबतरावने पाय गुडघ्यापर्यंत उचलला. फ्लॅटला उंबरा नव्हताच.